नव्व्याण्णव हजर

"चार जिने! गुन्हेगार सापडेपर्यंत गिऱ्हाईकच मरायचं," दाराबाहेर कुणीतरी पुटपुटलं.

एमेट ड्रूनं दार उघडलं. समोर साठीच्या आसपासची एक बाई धापा टाकत उभी होती. अंगावर सेनेटच्या नोकरांचा काळा पोशाख, हातात चुरगाळलेली टोपी.

"मी ओपल डिन्समोर. काल सेनेटर व्हीलॉकना दूध दिलं ती मीच."

खोलीत येरझाऱ्या घालणारी त्याची मालकीण, खासगी गुप्तहेर रूथ कॅलोवे थांबली. वॉशिंग्टनमध्ये काल दुपारपासून दुसरा विषयच नव्हता. राष्ट्राध्यक्ष होलिस ब्रँड्रेथ यांच्यावरच्या महाभियोगाचं मतदान तोंडावर आलं होतं, आणि सेनेटर लूशियस व्हीलॉक आपल्या बाकावर मान टाकून आडवे झाले. पेल्याच्या तळाशी झोपेची पूड सापडली. मतदान आज दुपारवर गेलं. खाली रस्त्यावर निदर्शकांचे ढोल सकाळपासून थांबले नव्हते.

"पोलीस म्हणतात, राष्ट्राध्यक्षांच्या विरोधकांनी मला पैसे चारले," ओपल म्हणाली. "संध्याकाळी न्यायला येणार आहेत. बाई, मी उभ्या जन्मात कुणाच्या पेल्यात न विचारता बर्फसुद्धा टाकला नाही हो."

"बसा. झालं काय?"

"खटला चालू असताना आत फक्त पाणी आणि दूध चालतं. कॉफीचं नाव काढायचं नाही. व्हीलॉकसाहेब कायम पाणी घेणारे. काल म्हणाले, ओपल, दूध आण. नवी बाटली फोडली. त्याच बाटलीतलं आणखी दोघं प्याले, ते ठणठणीत आहेत. साहेबांना उचलून नेताना मात्र बघवेना. तोंडाचं पार बोळकं झालेलं. एरवी केवढा रुबाबदार माणूस!"

रूथनं कोट उचलला.

वाटेत एमेट कुरकुरला, "मला एक कळत नाही. महाभियोग तर मागेच झाला ना? मग हा बाबा अजून खुर्चीत कसा?"

"खालच्या सभागृहानं नुसतं बोट दाखवलं, की पैसे घेऊन कैद्यांना माफ्या विकल्यास. खुर्ची काढून घ्यायची का, ते वरचं सभागृह, म्हणजे सेनेट, ठरवणार. तुरुंग नाही, दंड नाही. फक्त खुर्ची."

"फक्त!"

"आणि त्याला हजर असणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. हजर असणाऱ्यांपैकी, एमेट."

व्हीलॉक यांचा मदतनीस गॅरिक पूल कचेरीत फोन घेता घेता उभ्यानंच बोलला.

"हिशेब सरळ आहे. साहेब धरून होलिसला वाचवणारे आमचे चौतीस, घालवणारे त्यांचे सहासष्ट. शंभर हजर असते तर त्यांना सदुसष्ट लागले असते, म्हणजे एक कमी. साहेब झोपले की उरले नव्व्याण्णव. मग सहासष्ट पुरतात! आता सांगा, फायदा कुणाचा?"

"साहेब 'निर्दोष' म्हणणार, हे त्यांनी सांगितलं होतं?"

"सांगायचं काय त्यात? होलिस त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. त्यांच्या मुलीचा धर्मपिता. आमच्या राज्यात अर्ध्या घरांच्या खिडकीत होलिसचा फोटो आहे."

"म्हणजे स्वतः ते बोलले नव्हते."

पूलनं पुन्हा फोन उचलला. "मी वरच्या सज्जात होतो, बाई. पेल्याच्या जवळपासही नव्हतो."

शेजारच्या बाकावर बसणाऱ्या सेनेटर लेनोर हॅस्केट होलिसच्याच पक्षाच्या; पण 'दोषी' म्हणणार, हे त्यांनी उघड सांगितलं होतं.

"म्हणजे ओपलनंतर माझा नंबर," त्या हसल्या. "विचारा."

"पेल्याला कुणाकुणाचा हात लागला?"

"ओपलनं ठेवला आणि ती गेली. मग लूशियसचाच. मला नवलच वाटलं, दूध त्याला बाधतं. काढा घेतल्यासारखं एका दमात प्याला. बोलायची चोरी, तोंड उघडाल तर कैद, अशी दवंडी असते आम्हाला रोज. म्हणून नुसती भुवई उडवली. त्यानं रुमाल तोंडाला लावला, खिशात घातला, मान फिरवली. थोड्या वेळानं चक्क घोरायला लागला."

"आणि मत कसं देतात?" एमेटनं विचारलं.

"नाव पुकारलं की जागेवर उभं राहून मोठ्यानं सांगायचं. सगळा देश टीव्हीवर बघत असतो."

व्हीलॉक यांच्या घरी त्यांची बायको ॲडेल फुलदाणी इथून तिथे हलवत होती.

"झोपेची पूड माझीच. असते कपाटात."

"कमी झालीय?"

"मी बघितलं नाही." उत्तर फार लवकर आलं.

"काल सकाळी ते कसे होते?"

"तीनदा टाय बदलला. त्याआधी रात्रभर जिन्यावर वरखाली."

"डॉक्टरांनी त्यांच्या वस्तू परत दिल्या?"

"घड्याळ, पेन. आणि खिशातली कवळी, रुमालात गुंडाळलेली."

रूथनं ओपलला आणि पूलला बोलावून घेतलं. सगळे वरच्या खोलीत व्हीलॉक यांच्या पलंगाभोवती जमले. ते उशीला टेकून बसले होते. "मला उभं राहवत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"काल तुम्ही दूध मागणार, हे तुमच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं," रूथ म्हणाली. "बाहेरच्या माणसानं पाण्याची तयारी ठेवली असती. पण पांढरी पूड पाण्यात दिसते. म्हणून बाधणारं दूध तुम्ही मागितलंत."

"कुणीतरी आयत्या वेळी टाकली असेल," पूल म्हणाला.

"मग कवळी? देशासमोर उभं राहून बोलायचंय तो माणूस दात काढून ठेवत नाही. आपण झोपणार हे ज्याला माहीत आहे, तो काढतो. घशात अडकू नये म्हणून."

"अगं, पडली असेल ती," एमेट म्हणाला.

"पडलेली कवळी आपली आपण रुमालात गुंडाळली जात नाही, एमेट."

ॲडेलचा हात उशाजवळच्या फुलदाणीवर थांबला.

"पण ते तर होलिसच्या बाजूचे!" एमेट म्हणाला.

"असं सगळे म्हणतात. त्यांच्या तोंडून कुणी ऐकलंय? 'निर्दोष' म्हणायला मन धजेना आणि 'दोषी' म्हणायला जीभ. घरी बसले असते तर लोक पळपुटा म्हणाले असते. बाकावर पडले तर बिचारे. नव्व्याण्णव हजर, होलिसची खुर्ची गेली आणि सेनेटरसाहेब एक शब्दही बोललेले नाहीत! फक्त मतदान पुढे ढकलतील, हे ध्यानात आलं नाही."

"हा शुद्ध चावटपणा आहे!" पूल ओरडला. "साहेब, एक अक्षर बोलू नका."

"नका बोलू," रूथ म्हणाली. "आजही झोपून राहा. ओपलला संध्याकाळी नेतील."

ओपल दाराशी उभी होती. तिनं मान वर केली नाही.

व्हीलॉक तिच्याकडे वळले.

"ओपलबाई, तुमच्या दुधात काही नव्हतं. पूड मी टाकली. पोलिसांना मी सांगतो."

"साहेब, बास!" पूल म्हणाला.

"नाही, गॅरिक." त्यांनी पाय पलंगाखाली सोडले. "माफ्या विकल्याचं त्यानं मला स्वतः सांगितलंय. माझ्याच जेवणाच्या टेबलावर, हसत हसत. ॲडेल, तूही होतीस."

ॲडेलनं डोळे मिटून होकारार्थी मान हलवली.

"होलिस दोषी आहे," लूशियस व्हीलॉक उभे राहून मोठ्यानं म्हणाले.