दाराजवळची खुर्ची

दाराजवळची खुर्ची तिनं मुद्दाम धरली होती... पळायला सोपी! शेजारी बसत एक तरुण हळूच म्हणाला, "तुम्हीही पळायच्या तयारीत?"

तिनं दचकून पाहिलं. चष्म्याआडचे डोळे हसत होते.

ती एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोंदी सांभाळायची. नोंदी ठेवायचा तिथला डेटाबेस-प्रोग्राम सर्वांना खुला, फुकट. जगभरातली माणसं मिळून तो घडवत. शंभरी ओलांडलेल्या रुग्णांची वयं त्यात चुकायची. चूक तिनं शोधली, दुरुस्तीही लिहिली... पण चारचौघांत पाठवायची म्हटलं की ती संगणकच बंद करायची. शेवटी ताईनं तिला त्याच डेटाबेसच्या, नवख्यांसाठीच्या या कार्यशाळेत ढकललं होतं.

"एवढं घाबरायला काय झालं?" त्यानं विचारलं.

"तो 'कात्री' म्हणतात तो आहे ना! सगळ्यांचं काम तोच तपासतो... नवख्यांना सोलून काढतो म्हणे."

त्यानं चष्मा सावरला. "सोलत नाही हो... फक्त कापतो."

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "म्हणजे... तुम्ही?"

"मीच. दार उघडंच आहे बघा."

ती उठली नाही. श्वास रोखून तिनं दुरुस्ती पाठवली. आपोआप चाचण्या सुरू झाल्या आणि पडद्यावर लाल खुणाच खुणा! तिचे डोळे भरून आले. "मोडला ना मी... सगळ्यांचा डेटाबेस?"

"छे! चाचणीतच अडकलंय, पुढे कुठंही गेलेलं नाही." त्याचा आवाज उतरला. "मोडला होता मी. घाईत एका दुरुस्तीला मंजुरी दिली आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. तेव्हापासून प्रत्येक ओळ वाचताना धडकी भरते... म्हणून कात्री."

भीती त्यालाही वाटते? तिला एकदम तो आपला वाटला.

"मग दोघं मिळून वाचू या," ती पुटपुटली.

चार शनिवार ते त्याच खोलीत शेजारी बसून वाचत राहिले. बोलता बोलता नजरा अडखळायच्या, खुणा एकेक करून हिरव्या व्हायच्या. चौथ्या शनिवारी एकही लाल उरली नाही. पण पाचवा शनिवार आला तरी मंजुरी काही तो देईना.

"अजून काय चुकलंय?" तिनं विचारलं.

"काहीच नाही." तो पडद्याकडेच बघत राहिला. "हे संपलं की... तुम्ही यायच्या थांबाल. त्या भीतीनं आठवडाभर अडवून ठेवलंय मी."

तिनं एकदा दाराकडे पाहिलं. आता मात्र पळायचं नव्हतं.

"द्या मंजुरी," ती म्हणाली. "मला चुका पुष्कळ सापडतात. आणि... नाही सापडल्या, तरी येईन."