पाचही आम्लं ढेपाळली

"तुम्ही पाणी घेता त्या कॅनवर… चिठ्ठी होती का?"

प्रयोगशाळेत शेजारच्या ओट्यावर दोन महिने काम करणारा हा माणूस माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य! मनातल्या मनात मी त्याला मौनीबाबा म्हणायचे. आणि बाबांनी मौन सोडायला मुहूर्त काय गाठला, तर मी डोकं धरून बसले होते तेव्हा. आठवडाभर मोजलेली माझी पाचही आम्लं पुस्तकातल्यापेक्षा अशक्त निघाली होती. शुक्रवारी माझ्या मार्गदर्शक मॅडमना आकडे दिले नाहीत, तर मोजणीच्या यंत्राची माझी पाळी दुसऱ्याला जाणार आणि प्रबंध सहा महिने लांबणार.

"नव्हती. का?"

"मग ते पाणी नाही. म्हणजे… अर्धंच पाणी. अर्धं अल्कोहोल. कॅन माझा आहे."

मी झाकण उघडून हुंगलं. छे! आठ दिवस सर्दीने नाक बंद, वास येणार कुठून?

मी तशी तोंडाची फटकळ. "अहो, पाणी फिरवलंत माझ्या कष्टांवर! आणि तेही धड पाणी नाही!"

गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. त्याचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. माझी वही पुढे ओढून म्हणाला, "क्रम बघा. नायट्रोवालं आम्ल अजूनही सगळ्यांत जोरदार, मेथॉक्सीवालं सगळ्यांत सौम्य. नायट्रो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून प्रोटॉन पटकन सुटतो. ते बदललेलं नाही."

"मग सगळीच का ढेपाळली?"

"प्रोटॉन गेल्यावर मागे उरतो त्या ऋणभाराला सांभाळायला पाणी लागतं. अल्कोहोलला ते तितकं जमत नाही. मग प्रोटॉन सोडताना सगळीच हात आखडता घेतात." त्याने आकड्यांवर बोट ठेवलं. "पण त्यांच्यातलं अंतर वाढलंय बघा. नुसत्या पाण्यातले आकडे शेजारी मांडले, तर…"

"तर प्रबंधाचं अख्खं प्रकरण होईल!" मी ओरडलेच.

पुढचे तीन दिवस तो फ्लास्क विसळत होता, मी ब्युरेटमधून थेंब सोडत होते. मी बडबडायचे, तो हसू दाबायचा. तिसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं आणि पहिला वास आला तो त्याच्या कोटाच्या साबणाचा. बाई गं, मी मोजत असलेले थेंबच विसरले!

शुक्रवारी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "पाणी आणि अल्कोहोल, दोन द्रावकांची कल्पना कुणाची?"

"चुकून झालं, मॅडम. चूक माझी," तो लगेच म्हणाला.

"छान झालंय. पुढच्या वेळी चिठ्ठी लावून चुका."

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. "एवढे काटेकोर तुम्ही. त्या दिवशी चिठ्ठी राहिली कशी?"

त्याने खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. अक्षर सुबक, खाली तारीख, मागचा डिंक तसाच. "लिहिली होती. लावणार, तेवढ्यात तू गुणगुणायला लागलीस."

"त्या बसलेल्या आवाजात?"

"हो… आणि वर बघून हसलीस. मला तू फार आवडतेस."

तू! मला एकदम फार आनंद झाला. मी पेन काढलं, चिठ्ठीवरचं सगळं खोडून लिहिलं, 'माझा. इतरांनी वापरू नये,' आणि ती त्याच्या कोटाच्या खिशावर चिकटवली.

त्याने मान वाकवून नीट वाचली.

"तारीख राहिली," मौनीबाबा म्हणाले.