दशकाची जुडी

कोल्हापूरच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. तेजस्विनी घोरपडे यांनी आठ वर्षांच्या लेकीपुढे अखेर हात टेकले. माणसाच्या मेंदूचा नकाशा काढणाऱ्या बाई, पण घरची एक वजाबाकी त्यांच्याने सुटेना. बावन्नातून सत्तावीस गेले की रेवती नेमाने पस्तीस उरवायची.

"अगं, दोनातून सात जात नाहीत. शेजारून दशक घे!"

"मग मी सातातून दोन घालवते. ते जातात."

समोरच्या टेबलावरचे डॉ. मुलाणी हसले. "मॅडम, तुम्हाला येतं म्हणूनच शिकवता येत नाही. तुमची पायवाट इतकी मळलीय, की ठेच कुठं लागते ते दिसतच नाही." त्यांनी स्वतः घडवलेला विस्मरणटोप पुढे केला. "हा एकच कौशल्य तासभर झोपवतो. मोजता येईल, वजाबाकी येणार नाही. दोघी बरोबरीनं शिका."

"आणि तासानंतर?"

"तेवढ्यात नवी वाट पडली, तर जुनी कायमची बुजते. चुकीचं शिकलात तर चूकही कायमची. आणि मी मध्ये बोलणार नाही. जाणत्यानं तोंड उघडलं की मुसळ केरात."

पुढच्या आठवड्यात एका रुग्णाच्या मेंदूत सुई किती खोल न्यायची, याचं गणित तेजस्विनीबाईंना मांडायचं होतं. त्यांनी टोप परत सरकवला.

"राहू दे आई," रेवती मान खाली घालून म्हणाली. "मी ढच आहे."

बाईंनी टोप उचलून डोक्यावर चढवला.

थोड्या वेळाने दोघींनी उत्तर लिहिलं. दोघींचंही पस्तीस! मायलेकींनी टाळी दिली आणि मुलाणी खुर्चीतून अर्धवट उठले.

"काड्यांनी बघू," रेवती म्हणाली. तिने दप्तरातल्या काड्या मांडल्या. रबर लावलेल्या दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या. "आधी सात सुट्या दे."

आईने दोन दिल्या आणि तिचा हात अडला. "सुट्या संपल्या. जुडीतल्या देऊ?"

"छे! जुडी सोडायची नसते. शाळेत बाई रागावतात. तास संपला की मोजून कपाटात ठेवायच्या असतात."

"पण इथं कुठं बाई आहेत?"

आईला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिने विचारलं. रेवती जुडीकडे बघत राहिली. मग तिने रबर ओढून काढलं आणि आपल्या मनगटात घातलं.

"दहा नि दोन, बारा! बारातून सात गेले, पाच. जुड्या राहिल्या चार, त्यातल्या दोन गेल्या. पंचवीस! आई, पस्तीस चूक होतं गं!"

"पुन्हा दाखव."

रेवतीने पुन्हा दाखवलं. मग आईकडून करून घेतलं, ती घोटाळली तेव्हा जरा दरडावलंही. मुलाणी तोंड मिटून बसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढच्या आठवड्यात शल्यविशारदांसमोर डॉ. घोरपडे फळ्यावर सुईची खोली काढत होत्या. दशक फोडायची वेळ आली की त्यांची बोटं हवेतलं काहीतरी ओढून डाव्या मनगटावर चढवत. उत्तर दरवेळी अचूक येई.

ज्येष्ठ शल्यविशारदांना राहवेना. "ही कुठली पद्धत, डॉक्टर? पूर्वी तर तुम्ही असं करत नव्हता."

"पूर्वीची वाट आता माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. त्यांची मान ताठ झाली होती. "मला वजाबाकी माझ्या मुलीनं शिकवलीय."