नात्याचा रकाना

खोलीत दोन खाटा होत्या, ऑक्सिजनच्या दोन नळ्या, मधे एक पडदा, कधीच न उघडणारी एक खिडकी आणि चार माणसं. त्यांतल्या दोघांना अजून दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

माझ्याकडे दानबी, अकरा महिन्यांची. पडद्यापलीकडे हानग्योल, एकोणीस महिन्यांचा. दोघांच्या छातीत एकच विषाणू, आरएसव्ही. म्हणून दक्षिण कोरियातल्या जोंजूच्या त्या इस्पितळात दोघं एका खोलीत. हानग्योलचं दुखणं जास्त होतं. रडला की त्याचा ऑक्सिजन उतरायचा. "नव्वदच्या खाली राहिला तर अतिदक्षता विभागात न्यावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

एका मुलाजवळ एकच माणूस, त्याच्या मनगटावर पट्टी. परिचारिका आम्हाला 'दानबीची आई', 'हानग्योलचे बाबा' म्हणायच्या. इथे सगळे असंच बोलतात, कोणी दुरुस्त करत बसत नाही. मीही केलं नाही.

"दानबीच्या आई, किंबाप घेणार? काकडी काढलीय. काल तुम्ही वेचून काढत होतात..."

"पडद्याआडून बघता वाटतं?"

"पडदाच आखूड आहे, माझा काय दोष?"

समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्यांचा डबा पडद्याखालून सरकला. त्याची बोटं लांबसडक होती. लग्न झालेला माणूस आहे, चेरिन... मी स्वतःला बजावलं, आणि सगळा डबा संपवला.

चौथ्या दिवशी चौघांच्याही नाकातले नमुने तपासले. तिघांना कोरोना नव्हता. हानग्योलच्या बाबांना होता.

"दहा मिनिटांत खोली सोडा," मुख्य परिचारिका दारातून म्हणाल्या. "बदली कोण येईल?"

"कोणी नाही. ताई बाळंतीण आहे, दाजी जहाजावर."

"ताई?" मी पडदा बाजूला केला. "तुम्ही बाबा नाही?"

"मामा. आणि तुमचा नवरा चार दिवसांत एकदाही फोन करत नाही, म्हणून मी त्याच्यावर—"

"मी मावशी आहे."

मास्कच्या वर त्याचे डोळे हसले... अगदी नको त्या वेळी. हानग्योल रडायला लागला होता. यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा: एक्क्याण्णव.

"मी दोघांना बघते," मी म्हणाले.

"नातेवाईकच लागतो." मुख्य परिचारिकांनी फॉर्म पुढे केला. "नात्याचा रकाना रिकामा चालत नाही."

नव्वद.

मी पेन घेतलं, वर माझं नाव लिहिलं आणि खाली नात्याच्या रकान्यात: मामी.

त्यानं दुरूनच मान वाकडी करून वाचलं. "हे... कधीपासून?"

"किंबापपासून. हरकत असेल तर आत्ताच सांगा, शाई ओली आहे."

"नाही. हरकत नाही... चेरिन."

"नाव कुठून कळलं?"

"वरच्याच ओळीत आहे. मी मुनसोक."

मुख्य परिचारिकांनी माझ्याकडे बघितलं, आणि दुसरी पट्टी बांधली. "मामीबाई, मास्क घट्ट करा."

दार बंद झालं. हानग्योल दाराकडे हात करून किंचाळला. एकोणनव्वद. मी त्याला खांद्यावर घेतलं; त्यानं माझा कान ओढला, मला बुक्क्या मारल्या, खोकून खोकून निळसर झाला. मला गाता येत नाही. पाठीवर हात ठेवून त्याचे श्वास मोजले: मिनिटाला छप्पन्न. परत मोजले. दानबीच्या खाटेला पायानं झोके देत राहिले. माझे हात बधिर झाले. बुक्क्या हळूहळू थांबल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी मुनसोकला लिहून पाठवलं: ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के. श्वास मिनिटाला चव्वेचाळीस.