बिनगादीची फटफटी

सरका जरा, आन कंदिलाची वात खाली करा. ही आयकीव गोष्ट नाई. अनसिंगच्या जगदेवले म्या या डोळ्यानं पाह्यलं हाय.

मोठ्या जमीनवाल्या बापाचा एकुलता एक पोरगा. आंगाले काम नाई, डोक्यात हवा. लढाईच्या लिलावातली जुनी फटफटी त्यानं भंगाराच्या भावात आनली. सहा महिने गोठ्यात बसून चालू केली. लेकाच्या हातात कसब होतं, खोटं काहून बोलू? मंग कुठल्याशा विलायती मासिकात शर्यतीच्या गाडीचं चित्र पाह्यलं आन बिघडला. मडगार्ड काढले. हँडल खाली वाकवलं. लांबोडकी टाकी ठोकून घेतली. बसला का नाक टाकीले लागे. बेडकावानी दिसे बेटा, पन ऐट साहेबाची!

वाशिमचा रामधन मिस्त्री म्हने, "मांगची गादी राहू द्या, भाऊ. अडीनडीले कामी येते."

"गादी ठेवली का सारं गाव मांगं बसते," जगदेव बोलला. "काप!"

रामधननं कापली.

सत्तावन सालची सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी आपन कावळ्याले बी हात जोडून घास देतो. जगदेवच्या घरची पंगत उठली, खीर-वडे झाले, आन हा रातच्या सव्वाआठ वाजता वाशिमले निघाला. काम काय, तर रामधनकडून गाडीच्या दिव्याची नवी काच आनाची! दोन दिवसानं गेला असता तं काय आभाळ कोसळत होतं?

गावाभाईर मैलाच्या दगडापाशी प्रयागबाई उभी होती. याच्याच वावरात राबनारी. कडेवर आठ वर्साची पोरगी, पायाले फडकं आवळून बांधलेलं.

"मालक, साप चावला वो पोरीले! दवाखान्यात पोचवा. मी पळत येते मांगून."

जगदेवनं गाडी थांबवली, इंजीन बंद नाई केलं. मांगच्या उघड्या लोखंडाकडं बोट दाखवलं. "बसवू कुठं? गादी हाय का?"

"टाकीवर बसवा, मालक. पाया पडते."

"नवा रंग हाय तिच्यावर. बैलगाडी जुंपाले सांग."

आन गेला. आग लागो त्या रंगाले! बैलगाडी वाशिमले पोचता पोचता उजाडलं असतं, हे त्याले ठाऊक नव्हतं काय?

अर्धा मैल गेला असंल. गाडी मांगून जड झाली. त्याले वाटलं, पंक्चर. उतरला. टायर अंगठ्यानं दाबलं. हवा टच्च. पुन्हा बसला.

पुन्हा जड.

मंग कमरेले हात लागले. दोन. लहान. गारेगार.

"कोन...?"

हात तसेच.

"कोन हाय...?"

खड्डा आला. हात घट्ट झाले. लेकरू पडाच्या भेवानं धरते, तसे. मांगं वळून पाहाची त्याची हिंमत नाई झाली. मोठा शर्यतवाला!

वाशिम आलं. रामधनच्या गल्लीत वळाले गेला. हँडल वळेना. गाडी सरळ गेली... सरळ... आन सरकारी दवाखान्याच्या फाटकापुढं आपोआप बंद पडली.

कमरेचे हात सुटले.

जगदेव बसून राह्यला. "उतर माय," तो म्हने. "आला दवाखाना."

...

कोनीच उतरलं नाई.

सकाळच्या मोटारीनं अनसिंगची खबर आली. पोरगी आईच्या कडेवरच गेली. तिथंच, मैलाच्या दगडापाशी. याच्या गाडीचा धुराळा खाली बसाच्या आत. आयकल्यावर जगदेवनं काय केलं? रामधनले म्हने, गादी बसवून दे. आता! लाल मखमलीची बनवली. तिच्यावर जित्तं मानूस कधीच बसलं नाई.

गादी बसवून झाल्यावर रामधननं गाडी स्टँडवर घेतली, मांगचं चाक फिरवलं. टायर गोल. स्टँड काढला, नुसतं हँडल धरून रिकामीच उभी केली.

टायर खालून दबलं. लहान लेकरू बसल्यावर दबते, तेवढंच.

रामधननं हवा तपासली.

टच्च होती.