एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

काम साधं होतं. भुयारी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे बंद पडलेला एक बोगदा होता. दुसऱ्या दिवशी तो काँक्रीटने भरणार होते, त्यावर चार ओळींची बातमी हवी होती. चाळीस वर्षं बातमीदारी केली की संपादक असल्याच कामांना पाठवतात. सरकता जिना बंद, अर्थातच. एकशे बारा पायऱ्या उतरलो तेव्हा गुडघ्यांनी हात टेकले होते.

खाली मुकादम वाट बघत होता. त्यानेही मला फोन करून बोलावलं होतं. बोगदा खणणारी टोळी त्याची, आणि टोळीत त्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी टोकाला पाणी फुटलं, माती खचली. त्यानंतर धाकटा कुणाला दिसला नाही. कंपनी म्हणाली, पळून गेला. तेव्हापासून त्याची बायको पळपुट्याची बायको म्हणून दिवस काढतेय.

"तुम्हीच लिहिलं होतंत," मुकादम म्हणाला. "सगळे मजूर सुखरूप बाहेर."

लिहिलं होतं. फळ्याच्या भरवशावर. बोगद्याच्या दाराशी खिळे ठोकलेला एक फळा असतो. आत जाताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्यावर टांगायचा, बाहेर येताना काढायचा. खिळ्यावर बिल्ला, म्हणजे माणूस आत. त्या दिवशी कंपनीच्या साहेबाने मला रिकामा फळा दाखवला आणि मी तो जसाच्या तसा छापला. साहेबाला मी आजही शिव्या घालतो. आरशासमोर उभा असलो की जरा कमी.

मुकादमाने रुमालाची पुरचुंडी सोडली. आत बिल्ला. एक्केचाळीस.

त्या दिवशी पाळी सुटताना धाकटा हत्यारं गोळा करत मागे राहिला होता. दादा, माझाही काढ, आलोच, म्हणाला. दाराशी गर्दी व्हायची म्हणून सगळेच एकमेकांचे बिल्ले काढत. मुकादमाने दोन्ही काढले, पहारेकऱ्याला म्हणाला, तो मागून येतोय. मग आतून आवाज झाला. मुकादम ओरडत राहिला. साहेबाने फळ्याकडे बोट दाखवलं. बिल्ला तूच काढलास ना, मग जेलातही तूच जाशील. मुकादम गप्प बसला. आठवड्याभरात तिथे भिंत उभी राहिली.

"आज टांगतो," तो म्हणाला. "तीन वाजता इंजिनिअर फळा बघून सही करणार. एक बिल्ला जरी असला, तरी उद्या काँक्रीट ओतता येत नाही. शोधावंच लागतं."

पहारेकऱ्याने मला सोळा नंबर दिला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. सोळा, मुकादमाचा चाळीस, एक्केचाळीस. तीन बिल्ले टांगून आम्ही दोघं आत गेलो. मुकादमाला भिंतीशी एकदा जायचंच होतं.

दोनशे पावलं. मागे गाड्यांची धडधड विरत गेली. भिंतीजवळ ओल्या सिमेंटचा वास होता. अकरा वर्षांनंतर, ओल्या.

मुकादमाने भिंतीवर तळवा टेकला. "धाकट्या... तुझा बिल्ला लावलाय रे. येतील आता..."

काहीच झालं नाही. मी विजेरी फिरवून परत निघणार, तेवढ्यात आम्हा दोघांच्या मधून कुणीतरी गेलं. ओली बाही माझ्या मनगटाला घासली. पावलं दाराच्या दिशेने झपाझप गेली. मी खाली उजेड टाकला. धुळीत ठसे होते, पण आत येणारे, आमचेच.

"असाच घाईत निघायचा..." मुकादम पुटपुटला.

दाराशी आलो तर दार बाहेरून बंद. कितीतरी वेळ ठोठावलं. पहारेकऱ्याने उघडलं आणि आम्हाला बघून दोन पावलं मागे सरला. त्याच्या मागे फळा दिसत होता. रिकामा. इंजिनिअर सही करून गेला होता. फळ्यावर कुणी नाही म्हणून त्यानेच दार लावायला सांगितलं होतं.

"तुमच्या तिसऱ्या माणसाने तिन्ही बिल्ले काढून नेले," पहारेकरी म्हणाला. "चिखलाने माखलेला होता. मी विचारलं, बाकीचे दोघं? तर म्हणाला... ते मागून येतायत."

दुसऱ्या दिवशी बोगदा भरला. मी सगळं लिहून दिलं. माझ्या पोराच्या वयाच्या संपादकाने एवढंच विचारलं, फळा रिकामा होता ना? माझंच वाक्य माझ्या तोंडावर. मुकादम मात्र भावजयीकडे जाऊन सगळं सांगून आला. तेवढं तरी झालं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी एकटा राहतो. बोगदा भरला त्या संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरलो, किल्ली अडकवायला दारामागच्या खिळ्याकडे हात नेला. खिळ्यावर एक्केचाळीस नंबर टांगलेला होता. मघाशी तुम्ही त्याला हात लावायला गेलात आणि मी खेकसलो, तो त्यामुळेच. वर्ष होत आलं, त्यावरचं सिमेंट अजून वाळलेलं नाही.

मी तो काढणार नाही. काढला, तर माणूस बाहेर गेला असं होईल. आणि ते खोटं मी एकदा छापलंय.