विसणाचा हात

जुईला ‘विसण’ हा शब्द कधी लागणारच नव्हता. नाशिकमध्ये आता विसण कुणी घालत नसे. कढत पाण्यात थंड पाणी ओतून ते अंगाला सोसेल असं करायचं, ही गोष्टच शहरातून गेली होती, बंब आणि घंगाळ गेलं तशी. बादल्या उरल्या होत्या त्या कपडे भिजवण्यापुरत्या.

विसण घालवलं ते ‘नेमकी’ने. सरकारदरबारी तिचं नाव नेमकोष्ण जलयंत्रणा, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला फुरसत होती? जुने गीझर विकायला बंदी आली आणि वर्षा-दोन वर्षांत गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून नेमकीची करडी पेटी घुमायला लागली. फ्रीज आतली ऊब उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. नेमकी हेच काम उलटं करायची. गॅलरीतल्या हवेतली ऊब गोळा करून ती पाण्यात सोडायची. कडाक्याच्या थंडीतही हवेत ऊब असतेच, आपल्याला ती जाणवत नाही एवढंच. ऊब नव्याने तयार करण्यापेक्षा असलेली वाहून आणायला वीज फार थोडी लागते. मात्र हमालाला जसा प्रत्येक जिना जड जातो, तसा नेमकीला प्रत्येक अंश जड जायचा. म्हणून पाणी गरजेपेक्षा एक अंशही जास्त तापवायचं नाही, हा तिचा पहिला नियम. आधी कढत करायचं आणि मग विसण घालून निववायचं म्हणजे ओझं पाचव्या मजल्यावर चढवून पुन्हा तिसऱ्यावर आणायचं.

पण गरज म्हणजे किती? शास्त्रज्ञांना आधी वाटलं होतं, एक आकडा दिला की काम झालं. झालं नाही. जे पाणी पाठीला बरं वाटतं ते पायांना गार लागतं, आणि अंग एकदा शेकलं की तेच पाणी कोमट वाटायला लागतं. न्हाऊ घालणारी बाई हे सगळं सांभाळते, पण कसं ते तिला सांगता येत नाही. तिचा हात सांभाळतो. तेव्हा नेमकीला शिकवणी ठेवावी लागली. यंत्र बसवलं की पहिला पंधरवडा घरच्यांनी बादली-तांब्या घेऊन नेहमीसारखं विसण घालायचं. भिंतीतून बाहेर आलेली वाकडी नळी, जिला सगळे सोंड म्हणत, ती नुसती पाहत राहायची. पाणी किती ऊन, ओतणारा हात किती ऊन, अंगावरचे स्नायू कधी सैल पडले, श्वास कधी लांबला. ज्या आंघोळीत शरीर सगळ्यात निवांत झालं, तिची रीत ती उचलायची. त्या रीतीला म्हणायचे ‘हात’. आमच्या नेमकीत आजोबांचा हात आहे, असं लोक सहज बोलून जात.

शाल्मलीच्या घरच्या नेमकीत हेमांगीताईंचा हात होता, आणि तेच तिच्या पोटात दुखत होतं.

हेमांगीताई म्हणजे कौस्तुभची मोठी बहीण, शाल्मलीची नणंद. स्वतःला मूलबाळ नाही, पण नात्यातलं एकही बाळ त्यांनी न्हाऊ घातल्याशिवाय सोडलेलं नव्हतं. जुई झाली, नेमकी बसली, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात शाल्मलीच्या छातीत दुधाच्या गाठी होऊन ती तापाने फणफणली. ताई धुळ्याहून धावत आल्या. त्यांनीच शिकवणी पुरी केली. शाल्मली आतल्या खोलीत पडून पाण्याचा आवाज ऐकत असे.

आता जुई आठ महिन्यांची होती. सोंडेखाली बसवलं की ती गप्प होई. नुसती गप्प नाही, तर पापण्या जड होत, मुठी उघडत, आणि ती वर त्या सोंडेकडे अशी बघे की शाल्मलीला खोलीतून निघून जावंसं वाटे. तिच्याकडे जुई असं कधी बघत नव्हती. शाल्मलीजवळ ती दूध प्यायची, कान ओढायची, रडायची. असं बघायची ती सोंडेकडे.

एका रविवारी शाल्मलीने नेमकी बंद केली. माळ्यावरची बादली काढली, गॅसवर पाणी तापवलं, विसण घातलं, कोपर बुडवून पाहिलं, पुन्हा थोडं घातलं, पुन्हा पाहिलं. पहिल्याच तांब्याला जुईने असा टाहो फोडला की कौस्तुभ दाढी अर्धी टाकून आला. त्याने बटण दाबलं. सोंड हलली आणि जुई शांत झाली. कौस्तुभ म्हणाला, कशाला हट्ट करतेस, वीजही कमी आणि तीही खूश. यावर शाल्मलीला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्याच्या अर्ध्या गालावर फेस होता.

ताई महिन्यातून एकदा येतच. आल्या की आधी न्हाणीघरात. सोंडेखालची जुई पाहून त्यांचा चेहरा फुलायचा.

“बघ, माझा हात कसा ओळखते,” त्या म्हणायच्या. “मी धुळ्यात असले तरी तिची आंघोळ मीच घालते म्हण ना.”

मग मूठभर मीठमोहरी जुईवरून उतरवून गॅसवर टाकायच्या. शाल्मलीचा यावर विश्वास नव्हता. ती भौतिकशास्त्राची पदवीधर होती, आणि तडतडणाऱ्या मोहरीने घर ठसकवण्यात काय अर्थ आहे, असं तिने एकदा हसत हसत विचारलंही होतं. घरात परकं कोण येतं दृष्ट लावायला?

“परक्याचीच लागते असं कुणी सांगितलं?” ताई मूठ मिटून म्हणाल्या. “आईचीसुद्धा लागते. आईचीच आधी.”

हे शाल्मलीला टोचलं, कारण ताईंनी तिच्याकडे न बघता म्हटलं होतं.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर ती कुरकुरत का होईना सोसत राहिली असती. पण जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या दीपाली साळवेने तिला चहाला बोलावलं. दीपालीचा शौनक पाच महिन्यांचा. बोलता बोलता त्याच्या आंघोळीची वेळ झाली, आणि शाल्मली न्हाणीघराच्या दारात कप घेऊन उभी राहिली. सोंडेने पाठीवर पाणी धरलं, मग थोडं थांबून मानेखाली, मग पुन्हा पाठीवर. शौनकच्या पापण्या जड झाल्या. मुठी उघडल्या. शाल्मलीने कप खाली ठेवला. आणि शेवटी तेच झालं जे तिच्या घरी रोज होत होतं. सोंड वर उचलली गेली, कोरडीच बाळाच्या डोक्याभोवती तीनदा फिरली, आणि तांब्याभर ऊन पाणी तिने अंगावर न घालता बाजूला मोरीत सोडून दिलं.

“हे ना आमचंही करतं,” दीपाली म्हणाली. “एवढं वीज वाचवणारं यंत्र आणि रोज तांब्याभर पाणी फुकट. माझ्या भावजयीकडे पनवेललाही असंच.”

शाल्मलीला वाटलं होतं ती ताईंच्या हाताची काहीतरी लकब असेल. म्हणजे ताई इथेही? पनवेललासुद्धा? तिच्या डोळ्यांपुढे गावोगावची बाळं उभी राहिली, ओली, निवांत, हेमांगीताईंच्या हाताखाली. आणि त्यातलं एकही बाळ आपल्या आईकडे बघत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिने संशोधन केंद्रात भेटीची वेळ घेतली. जायच्या दिवशी जुईला महिन्याच्या फेरीला आलेल्या ताईंजवळ ठेवावं लागलं. त्यावाचून इलाज नव्हता.

डॉ. वैजयंती राऊत पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, आणि समोरच्याला चहा विचारायला विसरणाऱ्या होत्या. नेमकीची शिकवणी ही त्यांचीच कल्पना. शाल्मलीने वाटेत जुळवलेली वाक्यं बाजूला ठेवून सरळ सांगितलं, की आमच्या यंत्रातला माझ्या नणंदेचा हात काढा आणि माझा घाला. बाईंनी यंत्राचा क्रमांक विचारला, पडद्यावर काही आकृत्या उघडल्या आणि एकेक निरखून पाहिल्या.

“तुम्हीच का त्या,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. घरोघरचे हात आधी वेगवेगळेच होते. पण तान्ह्या बाळांच्या बाबतीत एक हात असा सापडला की तो कुठल्याही बाळाला लावून पाहिला तरी बाळ शांत होई. आता जिथे जिथे बाळ आहे तिथे तोच देतात. पंधरवडाभर शिकवायची गरज उरली नाही. यंत्र बसवताना, तुमचा हात इतरांना दिला तर चालेल का, असं विचारलं होतं आणि तुमच्या मिस्टरांनी हो म्हटलं होतं.

“म्हणजे ताईंचा हात सगळीकडे आहे,” शाल्मली म्हणाली.

“ताईंच्या आंघोळी आहेत इथे. चांगल्या आहेत. पण यंत्राने त्या घेतल्या नाहीत. त्याने एकच आंघोळ घेतली, एका संध्याकाळची. त्या हाताचं स्वतःचं तापमान बघा.” बाईंनी बोट ठेवलं. “एकशे तीनच्या आसपास. तुमच्या ताईंना ताप होता का?”

ताईंना नव्हता.

शाल्मलीला ती संध्याकाळ आठवायला लागली, पाण्याखालची वस्तू दिसावी तशी. ताई औषधांच्या दुकानात गेल्या होत्या. जुईने शी करून सगळं अंग भरवलं होतं आणि ती रडत होती. आपण भिंत धरून उठलो आणि जुईला न्हाऊ घातलं, हे शाल्मलीला इतके दिवस स्वप्नच वाटत होतं. तिने ते बाईंना सांगितलं.

“आपला हात तापमान मोजत नाही, फरक मोजतो,” डॉ. राऊत सांगत होत्या. “तापलेल्या हाताला ऊन पाणीही गारच लागतं. म्हणून तुम्ही विसण कमी घातलंत. नेहमीपेक्षा ऊन, पण भाजणार नाही एवढंच. शिवाय अंगात त्राण नव्हतं, म्हणून दर तांब्यानंतर थांबत होतात. त्या थांबण्यात बाळाचा श्वास लांबतो. आम्ही इतकी गणितं केली, ते थांबणं आम्हाला सुचलं नाही.”

“पण आता मी कोपर बुडवून बुडवून पाहते, तरी माझ्या हाताने ती रडते.”

“आता तुम्हाला ताप नाही ना. आता तुम्ही घाबरून चारदा कोपर बुडवता. तो हात तेव्हाचा आहे.”

शाल्मली आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग बाईंनी जरा ओशाळून विचारलं, की एक गोष्ट आजवर कुणालाच उलगडलेली नाही. शेवटचं ते पाणी. आम्ही वीज मोजणारी माणसं, तो तांब्या आमच्या डोळ्यांत सलतो. काढूनही पाहिला, पण मग बाळं कावरीबावरी होतात. ते बाजूला पडलं की आता कुणीतरी उचलून घेणार, हे त्यांना कळत असावं. पण मुळात तुम्ही ते टाकलंत कशाला?

आणि शाल्मलीला एकदम सिन्नरचं माहेर आठवलं. ताई दृष्ट काढत ती मीठमोहरीने. न्हाणं झाल्यावर शेवटचा तांब्या बाळावरून ओवाळून मोरीत टाकायची ती तिची आई. आपल्यालाही आईने तसंच न्हाऊ घातलं होतं. पदवीच्या आणि हसण्याच्या मागे ते हातात राहिलं होतं, आणि तापात बाहेर आलं होतं.

“दृष्ट काढतात तशी,” ती म्हणाली.

डॉ. राऊत हसल्या नाहीत. देशभर रोज दृष्ट काढतोय म्हणजे आम्ही, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“तो हात परत घेता येईल का?”

“तुमच्या घरातून काढता येईल. उद्यासुद्धा. बाळ काही दिवस रडेल, मग तुमच्या आताच्या हाताची सवय होईल. बाकीच्या घरांतून नाही येणार. त्याच्यावर पुढचे सगळे हात शिकलेत. विसण एकदा पाण्यात पडलं की वेगळं काढता येत नाही, तसं झालंय ते.”

शाल्मलीने मनातल्या मनात ते मांडून पाहिलं. काढला, तर शौनकला तिचा हात मिळेल, पनवेलच्या त्या बाळाला मिळेल, नाव-गाव नसलेल्या सगळ्यांना मिळेल. एकट्या जुईला मिळणार नाही. आणि ठेवला, तर जुई आयुष्यभर त्या नळीकडे बघेल. इतके दिवस जिचा राग राग केला ती ताई नव्हती, परकी नव्हती. तापाने लाल झालेली, धड उभं न राहता येणारी एक बाई होती, आणि तिच्यासारखं आपल्याला पुन्हा कधी जमणार नव्हतं.

कळवते, एवढंच म्हणून ती निघाली.

घरी न्हाणीघरात दिवा होता. ताई पाटावर बसल्या होत्या, पदर खोचून, आणि सोंडेखाली जुई होती. संध्याकाळच्या वेळी आंघोळ, कारण जुईने वरणभात केसांना फासला होता.

“ये,” ताई म्हणाल्या. “बघ कशी लागलीय माझ्या हाताला.”

सांगून टाकावं असं शाल्मलीच्या अगदी ओठावर आलं. एका वाक्यात ताईंचा चेहरा उतरला असता. पण त्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं की ताईंजवळ एवढंच होतं, आणि ते चुकीचं होतं म्हणून काही कमी नव्हतं. आपल्याजवळ खरं होतं, त्याचं काय करायचं ते आपल्याला कळत नव्हतं. तिने पर्स खाली ठेवली आणि ओल्या फरशीवर जुईसमोर बसली.

सोंडेने पाणी धरलं. थांबली. शाल्मलीचा श्वास तिच्याबरोबर थांबला. पुन्हा पाणी आलं. कुठे थांबायचं ते तिला आधीच कळत होतं. तिने हात पुढे केला आणि जुईच्या पाठीवर ठेवला, पाण्याच्या आणि कातडीच्या मध्ये. जुईने अंग चोरलं. जरा वाकून, आईच्या खांद्यावरून, ती वर सोंडेकडे बघायला लागली. डोळे भरून बघत होती.

शाल्मलीच्या छातीत गाठ आल्यासारखं जळलं. त्या तापातल्या बाईचं सगळं मिळतंय हिला, माझं काहीच नको. असं ती पोटच्या पोरीकडे पाहत होती, पापणी न हलवता.

तेवढ्यात सोंड वर उचलली गेली. दोघींच्या मधून, कोरडीच, जुईच्या डोक्याभोवती एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, तिसऱ्यांदा फिरली. आणि तांब्याभर ऊन पाणी शाल्मलीच्या गुडघ्यांवरून मोरीत वाहून गेलं.

जुईने हात वर केले. आईचीच आधी, असं ताई म्हणाल्या होत्या. शाल्मलीला उचलून घेता येईना.